रेषेचा देह आणि माणसाचा देह : ॲनिमेच्या माध्यमांतराविषयी

१

नोव्हेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर 'काउबॉय बीबॉप' ही दहा भागांची मालिका आली आणि तीन आठवडे पुरे होण्याआधीच ती बंद करत असल्याचे जाहीर झाले. १९९८ मधल्या याच नावाच्या जपानी ॲनिमे मालिकेवर ती बेतलेली होती. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस नेटफ्लिक्सवरच 'वन पीस' आली. तेही एका जपानी चित्रकथेचे आणि तिच्यावरच्या प्रदीर्घ ॲनिमे मालिकेचे खऱ्या नटनटींसह केलेले रूप होते. दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या हंगामाची घोषणा झाली. दोन्ही मालिकांच्या निर्मितीत टुमॉरो स्टुडिओज ही एकच अमेरिकन संस्था होती. पैशाची चणचण दोन्हीकडे दिसत नाही. मूळ कलाकृतीविषयी आदर नव्हता, असेही कुठल्याच बाजूला म्हणता येत नाही. मग एक बुडाली आणि दुसरी तरली, ती कशामुळे?

माध्यमांतराविषयी बोलताना आपल्याकडेही पहिला प्रश्न निष्ठेचाच निघतो. कादंबरीवरचा चित्रपट पाहून बाहेर पडलेला वाचक 'पुस्तकात असं नाहीये' हे वाक्य हमखास उच्चारतो. ॲनिमेचे चाहते या बाबतीत जास्तच काटेकोर असतात. नायकाच्या केसांचा रंग, जखमेचा व्रण कोणत्या गालावर आहे, एखादे वाक्य कोणत्या भागात येते, हे त्यांना तोंडपाठ असते. हीच फूटपट्टी इथे लावली, तर निकाल उलटा लागायला हवा होता. 'बीबॉप'ने मूळ मालिकेची श्रेयनामावली जवळजवळ चौकटीला चौकट जुळवून पुन्हा चित्रित केली, तीही त्याच 'टँक!' या धूनवर. मूळ संगीतकार योको कान्नो यांनाच संगीतासाठी पुन्हा बोलावले. नायकाचा निळा कोट आणि पिवळा शर्टही तोच. उलट 'वन पीस'ने मूळ कथेतले काही खलनायक गाळले, काहींना एका प्रसंगापुरते उरवले आणि गार्प हा नौदल अधिकारी, मूळ कथेत ज्याचे नायकाशी असलेले नाते फार उशिरा उघड होते, त्याला पहिल्याच हंगामात पाठलागावर आणले. मूळबरहुकूम असण्याचा प्रयत्न जिथे अधिक दिसतो ती मालिका फसली आणि मोकळेपणाने फेरफार करणारी लोकांनी आपली मानली.

तेव्हा फूटपट्टीच तपासून पाहायला हवी. या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : ॲनिमेतली रेषा जेवढे दाखवते तेवढेच राखूनही ठेवते आणि हे राखलेले प्रेक्षकाच्या वाट्याचे असते. रूपांतर करणाऱ्याने पोशाख आणि प्रसंग किती जुळवले, हे मोजण्यापेक्षा हा वाटा प्रेक्षकाला नव्या माध्यमात परत मिळाला का, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

२

आधी शब्दाविषयी. जपानीत अशा रूपांतराला 'जिश्शाका' म्हणतात. 'जिश्शा' म्हणजे प्रत्यक्षाचे छायाचित्रण. म्हणजे जपानी शब्दातला भर कॅमेऱ्यावर आहे, तर 'लाइव्ह-ॲक्शन' या इंग्रजी शब्दातला भर जिवंतपणावर. त्या शब्दाने नकळत एक उतरंड रचली जाते : चित्रातला तो निर्जीव आणि कॅमेऱ्यासमोरचा तो जिवंत.

ही उतरंड किती डळमळीत आहे, याचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. १९९०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी पाहिलेला मोगली हा मूळचा जपानी, निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेच्या १९८९ च्या मालिकेतला. आपण ॲनिमे पाहतो आहोत हे तेव्हा फारशा कुणाला ठाऊक नव्हते. शेरखानला हिंदीत आवाज होता नाना पाटेकरांचा. पुढे २०१६ मध्ये डिस्नेचा 'द जंगल बुक' आला. त्या चित्रपटाचा या जपानी मालिकेशी काही संबंध नव्हता. तरीही हिंदी आवृत्तीत शेरखानसाठी नानांनाच बोलावण्यात आले आणि प्रसिद्धीसाठी दूरदर्शनच्या मालिकेतले गुलजारांचे गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित झाले. भारतीय प्रेक्षकाच्या लेखी 'खरा' मोगली रेषेतला होता, हे वितरकांनी बरोबर ओळखले होते. आणि ज्याला जिवंत माणसांचा चित्रपट म्हटले गेले, त्यातला मोगली सोडला तर बाकी प्राणी आणि जंगल जवळजवळ सगळे संगणकावर तयार झाले होते. 'जिवंत' या शब्दाचा अर्थ इथे छायाचित्रासारखे दिसणारे, एवढाच उरतो.

ॲनिमेतली रेषा अशी का झाली, याला आर्थिक कारण आहे. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामू तेझुका यांची 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. आठवड्याला एक भाग द्यायचा आणि हाती पैसा थोडा. सेकंदाला चोवीस चौकटी असतात. भरगच्च ॲनिमेशनमध्ये त्यांच्यासाठी बारा ते चोवीस चित्रे काढली जात. तेझुकांच्या चमूने एकेक चित्र तीन-तीन चौकटींपर्यंत टिकवले, म्हणजे सेकंदाला आठच चित्रे. बोलताना फक्त ओठ हलवायचे, चेहरा स्थिर ठेवायचा. एकदा काढलेली हालचाल जपून ठेवून पुन्हा वापरायची. स्थिर चित्रावरून कॅमेरा हळूहळू सरकवायचा. ही काटकसर होती. पण पुढच्या पिढीतल्या दिग्दर्शकांनी या काटकसरीचीच भाषा केली. ओसामू देझाकी भावनेच्या टोकाला चित्र गोठवत आणि त्या क्षणी ते रंगवलेल्या पोस्टकार्डासारखे दिसे. हालचाल थांबली की पाहणाऱ्याचे मन कामाला लागते, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

रेषेने काढलेल्या चेहऱ्याचेही तसेच. दोन मोठे डोळे, नाकाच्या जागी एक छोटीशी रेघ आणि तोंड. त्यात छिद्रे, सुरकुत्या, झोप न झाल्याच्या खुणा नसतात. छायाचित्रातला चेहरा मात्र आधीच भरलेला असतो. नट ओळखीचा असतो, त्याचे वय दिसते, त्याचा प्रांत दिसतो. चित्रातल्या चेहऱ्यावर प्रेक्षक स्वतःचे दुःख ठेवू शकतो. नटाच्या चेहऱ्यावर नटाचे दुःख आधीच असते. म्हणून रूपांतर ही केवळ पात्रांना माणसे पुरवण्याची गोष्ट राहत नाही. मोकळी जागा जिथे होती तिथे आता माणूस उभा आहे, या परिस्थितीला दिलेले ते उत्तर असते.

३

'काउबॉय बीबॉप'चे उत्तर काय होते, ते पाहू. शिनइचिरो वातानाबे दिग्दर्शित मूळ मालिका २६ भागांची, प्रत्येक भाग सुमारे चोवीस मिनिटांचा. काळ २०७१ सालचा. 'बीबॉप' नावाच्या एका जुनाट यानात राहणारे चौघे आणि एक कुत्रा, असा संसार. फरारी गुन्हेगार पकडून इनाम मिळवायचे आणि बहुतेक वेळा ते हातचे घालवायचे, हा यांचा धंदा. पहिल्याच भागात जेट नावाचा सहकारी मांस आणि सिमला मिरचीची भाजी वाढतो आणि तिच्यात मांसच नसते. चौघांपैकी प्रत्येकाच्या पाठीशी एक भूतकाळ आहे, पण लेखिका केइको नोबुमोतो आणि त्यांचे सहकारी तो फार थोडा सांगतात. नायक स्पाइक एकेकाळी एका गुन्हेगारी टोळीत होता, तिथे त्याचा व्हिशस नावाचा साथीदार होता आणि ज्युलिया नावाची एक स्त्री होती. ही ज्युलिया शेवटच्या दोन भागांपर्यंत वर्तमानात भेटतच नाही. तोवर ती असते स्पाइकच्या स्मृतीत, पावसात, काही क्षणांच्या तुकड्यांत. आपण तिच्याविषयी जे जाणतो ते जवळजवळ सगळे आपणच रचलेले असते.

पाचव्या भागात एका पडक्या चर्चमध्ये स्पाइक आणि व्हिशस समोरासमोर येतात. व्हिशस त्याला रंगीत काचेच्या खिडकीतून बाहेर फेकतो. तो खाली पडत असताना वेळ मंदावतो आणि त्या पडण्यात त्याच्या गतकाळाचे तुकडे एकामागून एक येतात. काही कळते, बरेचसे कळत नाही. त्या न कळण्यातच त्या प्रसंगाची ताकद आहे.

नेटफ्लिक्सच्या मालिकेने हा खिडकीतून पडण्याचा प्रसंग शेवटच्या भागासाठी राखून ठेवला. चित्र तेच आहे. पण तिथवर येईपर्यंत ज्युलिया ही व्हिशसची बायको झालेली असते. त्या दोघांच्या घराचे, टोळीतल्या राजकारणाचे एक समांतर कथानक दहाही भाग चाललेले असते. आणि अखेर स्पाइकवर गोळी झाडते ती ज्युलियाच. जेटलाही एक मुलगी देण्यात आली, म्हणजे त्याच्या एकटेपणाला समजण्याजोगे कारण मिळाले. प्रत्येक भाग मूळच्या जवळपास दुप्पट लांबीचा झाला आणि ती वाढलेली जागा खुलाशांनी भरली गेली.

ही चूक केवळ पटकथाकारांची मानून सोडून देता येत नाही. तिच्यामागे माध्यमाविषयीची एक भीती आहे. खरी स्त्री कॅमेऱ्यासमोर उभी केली, तर ती नुसती आठवण म्हणून कशी चालेल? तिला घर हवे, इच्छा हव्यात, पूर्वेतिहास हवा. जॉन चोसारखा अनुभवी नट स्पाइक करतो आहे, तर त्याच्या तोंडी काही तरी सांगण्यासारखे हवे. एरवी हा विचार रास्तच ठरला असता. पण 'बीबॉप' ही मालिकाच मुळी माणसे एकमेकांना काही सांगत नाहीत, या गोष्टीवर उभी आहे. चोविसाव्या भागात एड ही पोर कुत्र्याला घेऊन यान सोडून जाते. मागे उरलेले स्पाइक आणि जेट सगळ्यांसाठी उकडलेली अंडी एकामागून एक तोंडात कोंबत राहतात. एक शब्द बोलत नाहीत. त्याच भागात फे, जी पन्नासहून अधिक वर्षे शीतनिद्रेत होती, पृथ्वीवर आपले घर शोधत जाते. घर उरलेलेच नाही. ती काठीने जमिनीवर आपल्या पलंगाची आकृती काढते आणि त्या रेषांच्या आत जाऊन निजते.

या प्रसंगाकडे पुन्हा पाहावेसे वाटते. तिथे रेषा घराची जागा घेते आणि ती पुरेशी ठरते. भिंती, छप्पर, आई यांतले काहीही दाखवावे लागत नाही. ॲनिमे ही कला आपले काम कसे करते, हे याहून नेमके दुसऱ्या कुठल्या प्रसंगात क्वचितच सापडेल.

आणखी एक गुंतागुंत आहे. मूळ 'बीबॉप' स्वतःच एक उलटे रूपांतर होते. अमेरिकन गुन्हेपट, काउबॉयपट, हाँगकाँगचे मारधाडपट, ब्रूस लीची लढण्याची पद्धत, जपानी नट युसाकू मात्सुदा याच्या दूरचित्रवाणीवरच्या गुप्तहेराची ऐट, हे सगळे कॅमेऱ्याने टिपलेले वातावरण वातानाबे आणि त्यांच्या चमूने रेषेत आणले होते. रेषेत येताच त्या ओळखीच्या गोष्टी परक्या आणि ताज्या झाल्या. त्या पुन्हा कॅमेऱ्यासमोर नेल्या की उरतो एक साधा गुन्हेपट, तोही पूर्वी अनेकदा पाहिलेला. अनुवादाचा मूळ भाषेत पुन्हा अनुवाद केला तर जे होते तेच इथे झाले. सुरुवातीचा जुगारघरातला प्रसंग पाहून आपल्याला पुढे पाहवले नाही, असे खुद्द वातानाबे यांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत सांगितले. त्यांचे नाव मालिकेशी सल्लागार म्हणून जोडलेले होते, हे लक्षात घेतले की त्या वाक्यातली खंत अधिक जाणवते.

४

हेच दुखणे 'घोस्ट इन द शेल'मध्येही दिसते. मासामुने शिरो यांच्या चित्रकथेवरून मामोरू ओशिई यांनी १९९५ मध्ये केलेला ॲनिमे चित्रपट एका यांत्रिक देहाच्या पोलीस अधिकारी स्त्रीचा आहे. तिच्या देहातले जवळजवळ सगळे बनवलेले आहे. मग 'मी' म्हणण्यासारखे काही उरते का, हा तिचा प्रश्न. चित्रपटाच्या मध्यावर एक दीर्घ निःशब्द भाग येतो. हाँगकाँगच्या धर्तीवरचे शहर, पाऊस, कालव्यातून जाणारी नाव आणि काचेआड बसलेली, हुबेहूब तिच्यासारखी दुसरी एक स्त्री. कुणी काही बोलत नाही, कथा पुढे सरकत नाही. प्रश्न मात्र प्रेक्षकाच्या अंगावर येतो.

२०१७ च्या हॉलिवुड आवृत्तीत ही भूमिका स्कार्लेट जोहान्सनने केली. जपानी पात्रासाठी गोरी नटी का, यावरून मोठा वाद झाला. तो वाद योग्यच होता, पण त्या गदारोळात दुसरी गोष्ट झाकली गेली. या चित्रपटात नायिकेला तिचे खरे नाव सापडते, तिची आई सापडते, तिच्यावर प्रयोग करणारी कंपनी दोषी ठरते. ओशिईंच्या चित्रपटात 'मी कोण' हा तत्त्वज्ञानातला प्रश्न होता. इथे तो जन्मदाखला मिळवण्याचा प्रश्न झाला आणि दाखला हाती पडताच मिटला. मूळ चित्रपटातली अनेक दृश्ये या आवृत्तीत अत्यंत निगुतीने पुन्हा उभी केली आहेत. तरीही ती रिकामी वाटतात, कारण ती दृश्ये ज्या प्रश्नासाठी होती तो प्रश्नच काढून घेतलेला आहे.

५

याच्या उलट बाजूचे एक जुने उदाहरण घेतले, तर मुद्दा अधिक स्पष्ट होईल. ते ॲनिमेच्या आधीचे, थेट चित्रकथेवरून झालेल्या रूपांतराचे आहे. रियोको इकेदा यांची 'व्हर्सायचा गुलाब' ही चित्रकथा १९७२-७३ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या पार्श्वभूमीवर मुलगा म्हणून वाढवलेली ऑस्कर ही सेनाधिकारी तिची नायिका. १९७४ मध्ये ताकाराझुका या सर्व भूमिका स्त्रियाच करतात अशा नाटक कंपनीने ती रंगभूमीवर आणली. अभिनयाची बाजू बसवली होती काझुओ हासेगावा यांनी. ते जुने चित्रपटनट आणि तरुणपणी काबुकीत स्त्रीभूमिकांची तालीम घेतलेले. चित्रातले डोळे खऱ्या चेहऱ्यावर कसे आणायचे, मान कुठे वळवायची, प्रकाश डोळ्यांत कुठून पकडायचा, हे सांगणारा याहून योग्य माणूस मिळाला नसता. जाड रंगभूषा, अवजड विग, जपानी नट्या फ्रेंच सरदार झालेल्या. वास्तवाच्या कुठल्याही कसोटीवर हे उतरत नाही. पण प्रयोग तुफान चालले आणि ताकाराझुकाने ते पुढे पुन्हा पुन्हा रंगमंचावर आणले.

पाच वर्षांनी, १९७९ मध्ये, याच चित्रकथेवर 'लेडी ऑस्कर' हा चित्रपट आला. दिग्दर्शक झाक दमी, फ्रेंच नवचित्रपटाच्या पिढीतले मान्यवर. पैसा जपानी. चित्रीकरण फ्रान्समध्ये, चक्क व्हर्सायच्या राजवाड्यात. दालने खरी, आरसे खरे, बागा खऱ्या. आणि चाहत्यांच्या मनात जागा मात्र मिळाली नाही. त्याच वर्षी सुरू झालेल्या ॲनिमे मालिकेने, जिचा उत्तरार्ध देझाकी यांनी दिग्दर्शित केला, ती जागा सहज घेतली.

खऱ्या राजवाड्यापेक्षा रंगवलेला पडदा अधिक खरा का ठरावा? बालगंधर्वांची परंपरा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे फार समजावून सांगावे लागू नये. नाट्यसंकेत मान्य करण्याच्या क्षणीच प्रेक्षक निर्मितीत सहभागी होतो. समोरची व्यक्ती पुरुष आहे हे माहीत असून तो भामिनी पाहतो. ताकाराझुकाची प्रेक्षक समोरची नटी आहे हे जाणून ऑस्कर पाहते आणि ऑस्कर ही तर स्वतःच पुरुषवेशातली स्त्री. रेषेने राखलेला वाटा इथे संकेताने परत केला. दमींच्या चित्रपटात सगळे प्रत्यक्षच समोर असल्यामुळे प्रेक्षकाला करण्यासारखे काही उरले नाही.

६

मग कॅमेऱ्याला हे जमतच नाही का? जमते, पण वेगळ्या वाटेने. 'रुरौनी केनशिन' या नोबुहिरो वात्सुकी यांच्या चित्रकथेवरचे पाच जपानी चित्रपट २०१२ ते २०२१ या काळात आले. दिग्दर्शक केइशी ओतोमो, नायक ताकेरू सातो. कथा १८७८ च्या सुमाराची. राज्यबदलाच्या धामधुमीत अनेकांना ठार मारलेला केनशिन आता कुणालाही न मारण्याची शपथ घेऊन उलट्या धारेची तलवार बाळगतो. १९९६ च्या ॲनिमेत तलवार उपसण्याचा क्षण बहुधा दाखवलाच जात नाही. आधीची स्तब्धता, मग लखलखाट, मग पडलेला प्रतिस्पर्धी. वेग इतका की डोळ्यांना दिसला नाही, असे आपण मनाशी म्हणतो.

ओतोमो आणि मारामारीचे दिग्दर्शक केंजी तानिगाकी यांनी या लखलखाटाची नक्कल केली नाही. त्यांनी वेग नटाच्या पायांत आणला. सातो वाकून, जमिनीलगत धावतो, घसरतो, भिंतीचा आधार घेऊन वळतो. त्याचा दम लागतो. उलट्या धारेच्या तलवारीने माणूस मरत नाही, पण हाडे मोडतात, हे ॲनिमेत विसरायला होते आणि इथे ऐकू येते. अशा वेळी प्रेक्षकाला वेगळेच काम मिळते. न मारण्याची शपथ पाळणे अंगाला किती महाग पडते, याचा हिशेब तो स्वतः करू लागतो. पहिल्या चित्रपटात मूळ कथेतली दोन-तीन प्रकरणे एकत्र केलेली आहेत. केनशिनचे लाल केस तांबूस तपकिरी झाले आहेत. त्याची खंत करत बसलेले चाहते फारसे आढळत नाहीत, कारण रेषा जे करत होती ते काम देहाने स्वतःच्या पद्धतीने केले.

'वन पीस'ची अडचण याहून मोठी होती. एइचिरो ओदा यांची ही चित्रकथा १९९७ पासून चालू आहे. नायक लुफी रबरासारखा ताणला जातो, टेलिफोन गोगलगायींचे असतात, समुद्री चाच्यांत मासेमानव आहेत. हे सगळे चित्रात सहज खपते. कॅमेऱ्यासमोर आणताना लाजून ते सौम्य करावे, थोडे 'वास्तववादी' करावे, असा मोह होणे साहजिक होते. मालिकेने तो आवरला. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला खरी जहाजे बांधली, पण ती जत्रेतल्या पाळण्यांसारखी भडक ठेवली. मासेमानव रंगभूषेने केले आणि ती रंगभूषा आहे हे लपवले नाही. मेक्सिकोचा तरुण नट इन्याकी गोडॉय लुफीचे हसू कुठल्याही संकोचाशिवाय हसतो. ही लोकनाट्याची रीत आहे : खोटे उघडपणे समोर मांडायचे आणि प्रेक्षकाला म्हणायचे, आता तुम्ही सांभाळून घ्या.

आणि नेमक्या ठिकाणी मालिका गप्प बसते. नामी ही मुलगी गावाला वेठीस धरणाऱ्या चाच्यापुढे हरून, स्वतःच्याच हातावर सुरीचे वार करत, अखेर लुफीला मदत मागते. लुफी तिला एकही प्रश्न विचारत नाही. जिवापाड जपलेली आपली गवती टोपी तो तिच्या डोक्यावर ठेवतो आणि चालू लागतो. या प्रसंगाला पुरवणी जोडण्याची पूर्ण संधी होती. मालिकेने ती घेतली नाही. बाकी पुष्कळ बदलले असूनही वाचकांना ही 'आपली' कथा वाटली, त्यात या प्रसंगाचा वाटा मोठा आहे.

७

इथवर निष्ठेची फूटपट्टी अपुरी आहे असे म्हटले. पण त्यातून निर्मात्याने वाटेल ते करावे असा निष्कर्ष काढणे धोक्याचे होईल. निष्ठेला एक दुसरी बाजू आहे, ती कलेची नसून माणसांमधल्या व्यवहाराची आहे. हिनाको आशिहारा यांच्या 'सेक्सी तानाका-सान' या चित्रकथेवर २०२३ च्या अखेरीस निप्पॉन टेलिव्हिजनवर मालिका झाली. कथा मुळाशी धरून राहील या अटीवर आपण परवानगी दिली होती, ती पाळली गेली नाही आणि म्हणून शेवटचे दोन भाग आपल्याला स्वतः लिहावे लागले, असे त्यांनी जानेवारी २०२४ मध्ये जाहीरपणे मांडले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या मृतावस्थेत आढळल्या. पुढे वाहिनी आणि प्रकाशनसंस्था या दोघांनीही चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केले. एखाद्या मृत्यूचे कारण बाहेरून ठरवू नये. पण लेखिकेची अट आणि निर्मात्यांची समजूत यांत किती अंतर पडू शकते, हे त्या प्रकरणाने सगळ्या जपानी प्रकाशनविश्वापुढे आणले.

या पार्श्वभूमीवर ओदा यांनी काय केले, ते महत्त्वाचे ठरते. आपले समाधान होईपर्यंत मालिका प्रदर्शित होणार नाही, असे नेटफ्लिक्सने मान्य केल्याचे त्यांनी २०२३ मध्ये वाचकांना पत्राने कळवले. तो शब्द मिळवण्याइतके बळ ओदांकडे होते. जगातल्या सर्वाधिक खपाच्या चित्रकथांपैकी एक त्यांच्या नावावर आहे. आशिहारा यांच्याकडे तेवढे बळ नव्हते. वातानाबे यांचे नाव सल्लागार म्हणून घेतले गेले, पण आपल्याला पाहवले नाही हे ते नंतर बोलले. म्हणजे बदलाला संमती देण्याचा आणि नकार देण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्या कथेत बदलही मोकळेपणाने होऊ शकतात. 'वन पीस'मधले फेरफार वाचकांनी आनंदाने स्वीकारले, याचे एक कारण त्यामागे ओदांचा होकार असल्याची खात्री हेही होते. बदल कितीही मोठा असो, तो कोणाला विचारून झाला, हे वाचक पाहतोच.

तेव्हा समीक्षकाला दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतील. लेखकाचा शब्द पाळला गेला का, हा एक. प्रेक्षकाचा वाटा शाबूत राहिला का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर करारात आणि पत्रव्यवहारात सापडते, दुसऱ्याचे पडद्यावर. पहिल्यात खरे उतरलेले रूपांतर दुसऱ्यात फसू शकते. दुसऱ्यात यशस्वी ठरलेल्या रूपांतराला पहिल्यातली फसवणूक माफ होत नाही.

आणि या दोन्हींच्या आधी एक तिसरा प्रश्न आहे, जो निर्मितीसंस्था सहसा विचारत नाहीत : हे रूपांतर कशासाठी? पडद्यांचा पसारा वाढला तशी नावाजलेल्या ॲनिमेची मागणी वाढली आहे आणि प्रत्येक घोषणेत एक गृहीतक दडलेले असते. चित्रात झाले ते कच्चे काम होते, आता खऱ्या माणसांसह पक्के होईल. मुलांचे होते, आता मोठ्यांचे होईल. 'व्हर्सायचा गुलाब' किंवा ओशिईंचा चित्रपट ज्याने पाहिला आहे, त्याला हे गृहीतक मान्य करता येणार नाही. सेकंदाला आठ चित्रे काढून ज्यांनी एक कला उभी केली, ते दुसऱ्या कुठल्या कलेची रंगीत तालीम करत नव्हते. माध्यमांतर करणाऱ्याने हे एकदा मनाशी मान्य केले, म्हणजे तो मूळ कलाकृती 'सुधारायला' जाणार नाही. आपल्या माध्यमात नट आहे, श्वास आहे, वजन आहे, यांतून काय करता येईल, एवढेच तो शोधेल. ओतोमोंनी ते धावणाऱ्या पायांत शोधले आणि हासेगावांनी नटीच्या वळलेल्या मानेत. नेटफ्लिक्सच्या 'बीबॉप'ला मात्र ते अखेरपर्यंत सापडले नाही.